ढुंढिराजराव आणि बहात्तर अंश

...आणि साठ! साठ अंश हो! आता मला सांगा, साठ अंश म्हणजे काय खायचं काम आहे का? बरं, कुणाला साठ? माणसाला नाही, दुधाला नाही, बंबातल्या पाण्याला नाही... कॉम्प्युटरला! तिकडे त्याचे साठ झाले की इकडे आमचे ढुंढिराजराव घामाघूम. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अहो, तापलाय तो, तुम्ही कशाला वारा घेताय?" तर माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की मी आपला चहाचा कप तोंडाला लावला. आणि मग म्हणतात कसे, एकदम खालच्या आवाजात, "ते जाऊ द्या हो. मला एवढंच सांगा, नॉर्मल म्हणजे किती?"

झालं! नॉर्मल म्हणजे किती! तुम्हाला सांगतो, पंचवटीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगने यंदाचा उन्हाळा या एका प्रश्नावर काढला. जिन्यात भेटले, नॉर्मल म्हणजे किती? लाईट बिलाच्या रांगेत भेटले, नॉर्मल म्हणजे किती? खालच्या मजल्यावर डॉक्टर राहतात, त्यांना गाठून विचारलं. ते बिचारे म्हणाले, "काका, मी दातांचा आहे."

आता हे ढुंढिराजराव कोण, तर माझ्या समोरच्या दाराचे. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, आणि घराण्यात गोदाकाठच्या एका लहानशा महादेवाची पूजा. सकाळी सोवळं नेसून महादेवाला पाणी घालायचं, मग घरी येऊन पोहे. माणूस सरळ, पण बोलायचं म्हटलं की दाढ दुखल्यासारखं तोंड करणार. घरात श्यामलावहिनी, आणि मुलगा आल्हाद. आल्हाद घरात होता तेव्हा बापलेकांचं बोलणं किती? "गॅस बंद केलास का?" "हो." संपलं! दिवसाचा कोटा पुरा! प्रेम नव्हतं असं नाही हो, प्रेम भरपूर, पण ते काढायचं कुठून, याला काही वाटच नव्हती.

तर आल्हाद गेला कॅनडाला. आणि मागे राहिला तो कॉम्प्युटर. साधासुधा नाही, गेम खेळायचा! एक बाजू काचेची, आत निळे-जांभळे दिवे, तीन तीन पंखे. आमच्या मंडळाच्या गणपतीलाही कधी एवढी रोषणाई झाली नाही. सगळा आल्हादने स्वतः जोडलेला, एकेक भाग आणून. आणि पुढच्या बाजूला एक इवलासा चौकोन, त्यात आकडा. आतल्या प्रोसेसरचं तापमान. साठच्या आत असलं की आकडा निळा, साठ झाले की लाल. लालभडक!

निघायच्या दिवशी खाली टॅक्सी उभी, वहिनींचे डोळे गळतायत, आल्हाद पाया पडला, जिना उतरला... आणि परत वर आला. मला वाटलं, पासपोर्ट विसरला. तर नाही! त्या डब्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, याला जपा हां. तापू देऊ नका."

बस्स. एवढंच. आता पोरगं काहीतरी बोलायचं म्हणून बोललं हो! खाली टॅक्सी थांबलेली, दुसरं काय बोलणार? पण ढुंढिराजरावांनी ते वाक्य मनावर घेतलं. मुलगा जाताना एकच गोष्ट सांगून गेला, तापू देऊ नका. मग नाही म्हणजे नाही तापू द्यायचा!

आणि तापायला तो तापणारच, कारण आल्हादने बापासाठी त्यात एक गेम घालून ठेवला होता. ट्रकचा. एक ट्रक इकडे नाशकातून ढुंढिराजराव चालवणार, दुसरा तिकडून आल्हाद, दोघे एकाच रस्त्यावर, मागेपुढे. कानाला हेडफोन लावायचा आणि बोलत बोलत माल पोचवायचा. आपली रविवार सकाळ, त्याची शनिवार संध्याकाळ. मी म्हटलं, ज्या माणसाने आयुष्यात लुनाच्या पुढे मजल मारली नाही, तो ट्रक काय चालवणार? पण चालवला! एकदा टोलनाका तोडला, एकदा अख्खा ट्रक तळ्यात घातला, आणि हसले. ढुंढिराजराव हसले! वहिनी स्वयंपाकघरातून पळत आल्या, म्हणाल्या, "कोण आलंय?"

फोनवर काय व्हायचं तुम्हाला सांगतो. "जेवलास?" "हो." "थंडी?" "आहे." "बरं." "बरं." आणि ठेवला. पण ट्रकमध्ये पोरगं बोलायचं! तोंडाकडे बघावं लागत नाही ना, दोघांची नजर रस्त्यावर. "बाबा, इथे वरण केलं ना, तर ते वरणासारखं लागतच नाही." "बाबा, ऑफिसात दिवसभर कोणी माझ्याशी बोलत नाही." आणि एकदा विचारलंन, "बाबा, तुमची धुळ्याला बदली झाली होती, तेव्हा तुम्हाला एकट्याला कसं वाटायचं हो?" ढुंढिराजराव मला हे सांगताना रडायला आले. म्हणाले, "हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. हिनेही नाही." हेडफोन एकच, त्यामुळे वहिनी शेजारी स्टूल घेऊन बसायच्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिकडे काय चाललंय ते ओळखायच्या. अख्ख्या आठवड्यात त्या घरात जीव असायचा तो त्या तेवढ्या वेळापुरता.

आणि नेमका तेव्हाच तो आकडा चढायचा!

आधी तर काही वाटलंच नाही त्यांना. घरात ताप बघायचा तो अठ्ठ्याण्णव, शंभर, एकशेदोन. इथे आकडा पन्नास! ढुंढिराजराव म्हणाले, "गार आहे, उलट अंगावर काहीतरी घालावं का?" मग मीच म्हटलं, अहो, ते सेल्सिअस! तर कागद घेऊन बसले, गुणाकार-भागाकार केला आणि पेन खाली ठेवलं. "साठ म्हणजे एकशेचाळीस." वहिनी म्हणाल्या, "अगंबाई! एकशेसहाला माणूस बरळतो!" आता मी तरी काय करू? मीही म्हणालो, पाणी शंभरला उकळतं, म्हणजे साठ म्हणजे निम्म्याच्या वर आलंच की! पण नॉर्मल म्हणजे किती, हे कुणाला ठाऊक? कुणालाच नाही.

मग आल्हादला विचारायचं ना? सरळ विचारायचं! मी शंभरदा सांगितलं. तर म्हणे, "नको. त्याला वाटेल, बाबांना एवढंही जपता आलं नाही." घ्या! म्हणजे काय करायचं, तर साठ झाले, आकडा लाल झाला, की सबब सांगायची आणि बंद करायचा. "आल्हाद, दूधवाला आला रे." बंद. "आल्हाद, देवळात कुणी अभिषेकाला आलंय." बंद. "आल्हाद, लाईट जातील असं वाटतंय." जातील असं वाटतंय! आणि तिकडे पोराचा ट्रक घाटात एकटा. तो "बाबा? बाबा?" म्हणत असणार, आणि इकडे ढुंढिराजराव डब्यावर हात ठेवून उभे, उतरतोय का बघत.

चैत्र लागला आणि नाशिकचं ऊन काय असतं तुम्हाला माहीत आहे. आकडा नुसता सुरू केल्या केल्या पंचेचाळीस. मग उपाय सुरू! कॉम्प्युटर उन्हाच्या खोलीतून हलवून लाकडी कपाटात ठेवला, सावलीला. कपाटाला वाळ्याचा पडदा. पडद्यावर पाणी. समोर टेबल फॅन. वहिनींनी कपाटाबाहेर गार पाण्याचा माठ ठेवला, म्हणाल्या, जवळ असलेला बरा. त्या घरात नवराबायको घामाने निथळत बसलेली आणि पंखा कपाटाला! आणि तरी लाल. आणखीच लवकर लाल!

मग तो रविवार. मी तिथेच होतो, पेपर परत करायला गेलो होतो. ढुंढिराजराव ट्रक चालवतायत, वहिनी स्टुलावर. आकडा पासष्ट. त्यांनी पाहिला, पण बंद केला नाही, कारण पोरगं त्या दिवशी गप्प गप्प होतं. अडुसष्ट. सत्तर. ढुंढिराजरावांचा एक डोळा रस्त्यावर, एक आकड्यावर. आणि तिकडून आल्हाद म्हणाला... हे त्यांनी नंतर सांगितलं हो, मला कुठे ऐकू येतंय... म्हणाला, "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. आईला नका सांगू लगेच."

आणि आकडा बहात्तर!

बहात्तर म्हणजे एकशेएकसष्टच्याही वर!  ढुंढिराजरावांच्या तोंडातून निघून गेलं, "आल्हाद, अरे थांब, दूध उतू चाललंय." आणि बंद! अहो बंद! बटण दाबलं आणि कपाळाला हात लावून बसले. वहिनी म्हणाल्या, "काय झालं? काय म्हणत होता?" तर म्हणाले, "काही नाही." आता काही नाही कसं? काही नाही म्हणताना माणसाचा चेहरा असा होतो का?

संध्याकाळी फोन लावला. "आल्हाद, सकाळी काय सांगत होतास?" तो म्हणाला, "सांगतो बाबा. फोनवर नको. रविवारी, निवांत." आता आलं का लक्षात? पुढच्या रविवारी काहीही झालं तरी कॉम्प्युटर चालू राहायलाच हवा होता. पोराच्या मनात काय आहे ते त्या एका रविवारावर अडलेलं. आणि मध्ये उभा कोण? तो लाल आकडा!

आठवडाभर माणूस झोपला नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघत बसायचे. त्यात एक दाढीवाला, हिंदीतून ओरडणारा, "भाई लोग! पेस्ट सूख गया, तो समझो टेम्परेचर ऊपर गया!" आणि प्रोसेसरवर ट्यूबमधून पांढरी पेस्ट काढतोय. ढुंढिराजरावांनी तो व्हिडिओ थांबवला, चष्मा पुसला आणि एकदम उठून उभे राहिले. "अहो, ही तर उटी!"

आता तुम्हीच सांगा, त्यांचं काय चुकलं? वैशाखात महादेवाला चंदनाची उटी लावतात, अंगाचा दाह होऊ नये म्हणून. त्यांच्या घराण्यात किती पिढ्या लावतायत! जी गोष्ट देवाला चालते ती कॉम्प्युटरला न चालायला काय झालं? काढली सहाण. उगाळलं चंदन, त्यात वाळ्याचं पाणी, कापूर. वहिनी ओरडल्या, "अहो, शॉक बसेल!" त्यांनी प्लग काढला, बायकोला काढलेला प्लग दाखवला, काच उघडली, आणि सोवळ्याने, खरंच सांगतो, सोवळ्याने, आत प्रोसेसरच्या डोक्यावर जो पातळ पत्र्यांचा ठोकळा असतो ना, वारा खेळवायचा, त्याला सगळीकडून छान जाड उटी लावली. एक फट शिल्लक ठेवली नाही. वर एक बेलाचं पान ठेवणार होते, ते मी नको म्हटलं.

रविवार उजाडला. उटी वाळून खडखडीत. कॉम्प्युटर लावला, घरात असा काही घमघमाट सुटला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "काय हो, सत्यनारायण आहे का?" हेडफोन लावला. "आल्हाद, आज मला काही घाई नाही. आज तू बोल." तिकडून "बाबा..." एवढं आलं. आणि आकडा! सत्तर, ऐंशी, नव्वद... तुम्हाला सांगतो, आकडा पळत होता नुसता... नव्व्याण्णव! आणि खट्ट! यांनी हात लावला नव्हता हो! आपला आपण बंद! दिवे गेले, पंखे थांबले, सगळं काळं. ढुंढिराजराव त्या काळ्या पडद्याला म्हणाले, "आल्हाद, मी नाही केलं रे. मी नाही केलं."

त्याला कुठलं ऐकू जायला?

वाटलं, गेला. पोराने जाताना जपायला दिलेलं एकच होतं, तेही गेलं. तसेच उठले, कॉम्प्युटर शालीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि आम्ही रिक्षाने निघालो कॅनडा कॉर्नरला, म्हणजे आपल्या नाशकातल्याच त्या चौकात. नशीब बघा, पोरगा कॅनडात आणि कॉम्प्युटरचं दुकान कॅनडा कॉर्नरला! रिक्षावाला आरशातून बघत होता, म्हणाला, "काका, शालीत देव आहे का?" ढुंढिराजराव म्हणाले, "हळू घे बाबा."

दुकान संजना नावाच्या बाईंचं. इंजिनिअर, मोठं दुकान, दोन्ही कानांवर दोन फोन. काच उघडली आणि वास घेतला. "काका, हे काय आहे?"

"उटी."

"काय?"

"चंदन. गार पडावा म्हणून."

बाई खुर्चीत बसल्या. पाच मिनिटं नुसत्या हसल्या. मला असा राग आला! पण ढुंढिराजराव हात जोडून उभे. "ताई, तो जगेल का?"

"अहो काका, काही झालेलं नाही त्याला! शंभराजवळ गेला की तो स्वतःच बंद होतो, तशीच सोय असते आत. तुम्ही वाऱ्याची वाटच लिंपून टाकलीत. आणि ती पेस्ट आतून असते, प्रोसेसर आणि या ठोकळ्याच्या मध्ये, एवढीशी. आणि ठेवता कुठे?"

"कपाटात. सावलीला."

"देवा! काढा आधी कपाटातून."

आणि मग त्यांनी विचारलं. उन्हाळाभर साचलेला तो प्रश्न. "ताई, नॉर्मल म्हणजे किती?"

बाई ब्रश मारता मारता म्हणाल्या, अगदी सहज, कोथिंबिरीचा भाव सांगावा तसं, "नुसता चालू असेल तर चाळीस-पंचेचाळीस. गेम खेळताना साठ ते ऐंशी, आपल्या उन्हाळ्यात थोडा वरच. काम करतोय म्हटल्यावर तापणारच ना काका? पंच्याऐंशी-नव्वदला टिकून राहिला तर आणा माझ्याकडे."

"पण साठला लाल होतो."

"तो रंग हो? तो तुमच्या मुलाने आवडीने ठेवला असेल. शोभेचा आहे."

 ढुंढिराजरावांनी विचारलं, "म्हणजे... बहात्तरला..."

"बहात्तरला मजेत असतं ते!"

मला कळलं. बाईंना कसं कळावं? त्या चंदन खरवडत होत्या. ढुंढिराजराव बाहेर आले, दुकानाच्या पायरीवर बसले आणि भर रस्त्यात डोळ्यांना उपरणं लावलं. मी म्हटलं, "अहो, आनंदाची गोष्ट आहे! बरा आहे तो!" म्हणाले, "बराच होता हो तो. बराच होता. मी त्याला मध्येच तोडलं."  रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, मी गाड्या बघत उभा राहिलो.

तर झालं काय, पुढच्या रविवारी मोकळ्या खोलीत कॉम्प्युटर, खिडकी उघडी, अंघोळ करून माणूस हजर. आकडा लाल, आणि ढुंढिराजराव त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत! ट्रक रस्त्याच्या कडेला लावून बसले. आल्हाद नाही. तासभर बसले. नाही. मग मोबाइलवर मेसेज आला, "बाबा, आता शनिवारी शिफ्ट असते. गेम जमणार नाही. तुम्हालाही त्रासच होत होता ना, दर वेळी मध्ये काही ना काही यायचं."

त्रास होत होता म्हणे! आता याला काय म्हणावं? हा म्हणतो बाबांना त्रास, ते म्हणतात पोराला काळजी नको. दोघं एकमेकांना एवढे जपले, एवढे जपले की बोलायचंच राहिलं! मला तर असा संताप आला, मी म्हटलं, लावा फोन. आत्ताच्या आत्ता लावा. आणि स्पीकरवर टाका, आम्हालाही ऐकू दे!

लावला. वहिनी या बाजूला, मी त्या बाजूला, मध्ये फोन.

"आल्हाद, कॉम्प्युटर छान आहे हां. ऐंशीपर्यंत नॉर्मल असतं म्हणे. मला माहीत नव्हतं रे. तापतो म्हणून मी बंद करायचो. दूध-बीध काही नव्हतं."

 तिकडे आल्हाद हसला थोडा. "बाबा, विचारायचं ना मला."

"हो रे. विचारायला हवं होतं." मग ढुंढिराजरावांनी फोन जरा जवळ ओढला. "त्या दिवशी काय सांगायचं होतं तुला?"

  तुम्हाला सांगतो, त्या खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघंही त्या फोनवर वाकलेले. वहिनींनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं.

"काही विशेष नव्हतं बाबा. आता आठवत पण नाही."

"आठवून बघ. मला घाई नाही."

"खरंच नाही बाबा. झालं गेलं ते. बरं, मी ठेवू का? दाराची बेल वाजतेय."

आता मी काही बहिरा नाही. खोलीत पंखासुद्धा बंद होता. कसली बेल? कुठली बेल? ढुंढिराजरावांनाही कळलं. न कळायला काय झालं? उन्हाळाभर त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं? पण ते म्हणाले, "जा, जा, उघड दार. कुणी ताटकळत असेल बाहेर."

फोन ठेवला.  श्यामलावहिनी म्हणाल्या, "मला नाही हो ऐकू आली बेल."

ढुंढिराजराव म्हणाले, "तिकडची बेल हळू वाजते."